टेस्टच्या मैदानावर गाडी लागते, गल्लीत लागत नाही: रिव्हर्स आणि पार्किंगचा सराव कसा करावा? (कोल्हापूर)

गल्लीतली_गाडी
नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीत राहते. लर्निंग लायसन्स निघालंय, क्लासही चालू आहे, आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट दिवाळीच्या आधी द्यायची आहे. गाडी सरळ चालवायची भीती आता राहिलेली नाही. गिअर, क्लच, सिग्नल ठीक आहे. माझा सगळा प्रश्न रिव्हर्सचा आहे.

क्लासमध्ये आम्हाला खुणा दिल्यात. मागच्या काचेच्या कोपऱ्यात दुसरा बांबू आला की स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, आरशात तिसरा बांबू दिसला की दीड फेरी उलटी, मग सरळ. या खुणांवर एचमध्ये, म्हणजे टेस्टच्या एच आकाराच्या ट्रॅकवर, गाडी बरोबर जाते. घरी आल्यावर मात्र काहीच लागू होत नाही. आमची गाडी क्लासच्या गाडीपेक्षा उंच आणि रुंद आहे. बांबूच्या जागी एका बाजूला शेजाऱ्यांची बुलेट, दुसऱ्या बाजूला खांब, आणि डावीकडे उघडं गटार. स्टेअरिंग कधी वळवायचं हेच कळत नाही.

सासूबाईंना दर आठवड्याला शाहूपुरीत दवाखान्यात न्यावं लागतं. मिस्टर फिरतीवर असतात आणि रिक्षात चढताना-उतरताना त्यांच्या गुडघ्यांचे फार हाल होतात. त्यामुळे लायसन्सचं कार्ड हातात आलं तरी माझं काम संपत नाही, मला खरोखर गाडी लावता आली पाहिजे. तुम्ही सराव कसा केलात, कुठं केलात, सविस्तर सांगा.

---

पांढरा_रस्सा
ताई, आधी टेस्ट काढून घ्या. खुणा पाठ करा, लायसन्स हातात येऊ द्या, मग गल्लीचं बघू. दोन्ही एकदम करायला गेलात तर मैदानावर गोंधळ होईल. टेस्टच्या दिवशी डोक्यात एकच पद्धत असलेली बरी.

---

निवृत्त_स्टेअरिंग
मी एसटीत ड्रायव्हर होतो, कोल्हापूर विभागातच. आता रिटायर. पांढरा_रस्सा, तुमचं म्हणणं टेस्टपुरतं खरं हाय, पण ताईंनी इचारलंय ते येगळं हाय.

ताई, खुणा का चुकतात ते आधी ध्यानात घ्या. खूण ही एका गाडीची, एका उंचीच्या माणसाची आणि एका अंतराची असती. सीट दोन इंच पुढं घेतली तरी बांबू काचेत दुसरीकडं दिसतोय. तुम्ही खांबापासनं गाडी जितकी लांब धराल तितकं वळण आधी सुरू करावं लागतंय, जवळ धरलासा तर जरा उशिरा. मैदानावर ते अंतर रोज तेच असतंय, म्हणून खूण चालती. गल्लीत ते रोज बदलतंय.

मग धरायचं काय? दोनच जागा. वळताना आतल्या बाजूला सगळ्यात आत जातंय ते मागचं चाक. बाहेरच्या बाजूला सगळ्यात लांब फिरतंय ते पुढचं नाक, म्हंजे बंपरचा बाहेरचा कोपरा. गाडी पुढं जाऊ दे न्हाईतर मागं, हे बदलत न्हाई. डावीकडं रिव्हर्स घेताना डाव्या आरशात डावं मागचं चाक आणि खांब बघा. चाक खांबाला चिकटायला लागलं की स्टेअरिंग जरा मोकळं सोडा. चाक लांब चाललं की पुन्हा पूर्ण ओढा. मधेच एकदा मान उजवीकडं करून नाक कुणाला लागत न्हाई न्हवं ते बघा. मागचं चाक सुटलं आणि नाक सुटलं की सगळी गाडी सुटली.

सराव असा करा. मोकळ्या जागेत रंगाचा रिकामा डबा ठेवा, एकच. गाडी अशी उभी करा की डबा डाव्या मागच्या चाकाच्या शेजारी फूटभर अंतरावर येईल. स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, आणि क्लचवर अगदी हळू मागं. डब्याला गाडी लागत न्हाई, हे डोळ्यानं बघा. मग उतरा आणि मातीत उमटलेले टायरचे माग बघा. मागच्या आणि पुढच्या चाकांचे माग किती फरकानं पडलेत ते चालत चालत बघा. हे एकदा डोळ्यात बसलं की कुठल्याबी गाडीत बसा. नवीन पोरं आली की मी आधी डेपोत हेच दाखवायचो.

---

गल्लीतली_गाडी
काका, हे आजवर कुणीच असं सांगितलं नव्हतं. "पूर्ण फिरव, अर्धं सोड" एवढंच ऐकलंय. एक विचारते: रिव्हर्स घेताना ॲक्सिलरेटर द्यायचा का? गल्लीत गाडी बंद पडते म्हणून मी देते, आणि मग ती एकदम मागं जाते.

---

निवृत्त_स्टेअरिंग
सपाटीवर द्यायचा न्हाई. हाफ क्लचवर गाडी आपसूक सरकती. क्लच सोडता सोडता इंजिनाचा आवाज जरा जड होतोय, तिथं पाय थांबवा. जास्त वेग आला की क्लच दाबा, उजवा पाय सतत ब्रेकवर. चढावर मागं जायचं असलं तरच हलका ॲक्सिलरेटर. आणखी एक, उभ्या गाडीत स्टेअरिंग पिळू नका. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत असतानाच हात भराभर फिरवायचे. पाय सावकाश आणि हात चलाख, नव्या माणसाचं नेमकं उलटं होतंय.

---

कलमवाला
सरावाला जाण्याआधी कायद्याचं थोडं बघून घ्या, कारण "मैदानावर कोण बघतंय" असं म्हणणारे खूप भेटतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ लर्निंगवाल्यांसाठी आहे. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी, आणि तीही गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेली, मागच्या सीटवर नव्हे. गाडीच्या पुढं आणि मागं पांढऱ्या पाटीवर लाल एल हवा, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस. मोटार वाहन कायद्यातल्या 'सार्वजनिक ठिकाणा'च्या व्याख्येत रस्त्याबरोबरच, जिथं लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा येते. म्हणजे फिरायला लोक येतात ते मैदानही आलं.

विम्याचंही तेच. गाडीच्या पॉलिसीत चालकाचं कलम वाचा. लर्निंगवाला चालवत असेल तर नियम ३ पाळलेला असावा, अशी अट तिथं असते. शेजारी कुणी नसताना धडक झाली तर विम्याच्या दाव्यात अडचण येईल.

लर्निंग सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्यासाठी टेस्ट देता येते. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. दिवाळीचं गणित करताना हे धरा आणि लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर स्लॉट आधी बघून ठेवा.

आणि टेस्ट म्हणजे फक्त एच असा समज असतो. नियम १५ मधली यादी मोठी आहे. आरसा नीट करून घेणं, चढावर गाडी थांबवून मागं न घसरता पुन्हा उचलणं, मर्यादित जागेत डावीकडे किंवा उजवीकडे रिव्हर्स घालणं, अचानक थांबणं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. अधिकारी त्यातलं काहीही करायला सांगू शकतो.

---

पंचगंगेकाठचा_पुणेकर
मूळचा कागलचा, नोकरीला पुण्यात. इथं चारचाकीची टेस्ट भोसरीला, नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. तिथं माझ्या पुढचा मुलगा क्लासच्या गाडीत शिकलेला आणि टेस्टला घरची गाडी घेऊन आलेला. पाठ केलेली खूण शोधत त्याची मान काचेत फिरत राहिली आणि गाडी पट्टीवर गेली. पांढरा_रस्सा यांच्या सल्ल्याला माझी एवढीच पुस्ती: खुणांवरच टेस्ट द्यायची असेल तर निदान त्याच गाडीत द्या.

---

पांढरा_रस्सा
हे पटलं. ज्या गाडीवर हात बसलाय तीच टेस्टला न्यायची. खुणा सोडा असं मात्र मी अजूनही म्हणणार नाही. माझ्या बहिणीला सुरुवातीला खुणांनीच धीर आला. नवख्या माणसाला काहीतरी धरायला लागतं. काका म्हणतात तसं चाक बघणं तिला त्यानंतर जमलं.

---

बावड्याची_आक्का
मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, आज ताराबाई पार्क, स्टेशन रोड, सगळीकडे स्वतः जाते. दोन गोष्टी मनापासून सांगते बाळ.

पहिली, माणसांची. बाईनं गाडी रिव्हर्सला घातली की चार जण गोळा होतात. एक म्हणतो "येऊ द्या येऊ द्या", दुसरा म्हणतो "राईट मारा", तिसरा काचेवर टकटक करून "ताई, द्या मी लावतो" म्हणतो. मदतीच्या भावनेनंच येतात सगळे, पण त्या गलक्यात तुझी नजर आरशावरून हटते. गाडी थांबव, काच खाली कर, आणि शांतपणे सांग: "दादा, तुम्ही एकटेच मागं उभे राहून बघा, बाकीच्यांनी थोडं बाजूला व्हा." मागं उभा राहणारा माणूस तुला आरशात दिसला पाहिजे, दिसेनासा झाला की थांबायचंच. आणि चावी कुणाच्या हातात देऊ नकोस. दुसऱ्यानं लावून दिलेली गाडी तुला काही शिकवत नाही.

दुसरी, घरच्या माणसांची. मिस्टर शेजारी बसले की आवाज चढत असतील तर भाऊ, दीर, मैत्रीण, ज्याचं लायसन्स आहे आणि स्वभाव थंड आहे असं माणूस शोध. माझ्यासोबत माझी भाची बसायची. ती एकच वाक्य बोलायची, "थांब, आणि बघ."

सकाळी लवकर मैदानावर जाशील तर फिरणारी वयस्क मंडळी आणि फुटबॉलची पोरं असतात. बॉल गाडीखाली आला की पोरगं त्याच्यामागं धावत येतं. मैदानाच्या कडेचा कोपरा धर आणि मागं मोकळं दिसत असलं तरी सुरुवात करण्यापूर्वी एकदा उतरून गाडीच्या मागं बघ. लहान मूल मागच्या काचेतून दिसत नाही.

---

नवी_चाकं
सेन्सर आणि कॅमेरा असताना एवढं करायची गरज आहे का? १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचेच आहेत.

---

तिकटीवरचा
आहेत, आणि ते चांगलंच झालंय, गाडीच्या मागं रस्त्यावर बसलेलं पोर वाचतं त्याच्यामुळं. पण भावा, सेन्सर मागच्या बंपरला असतात. वळताना घासतं ते पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याला, तिथं बहुतेक गाड्यांना काही नसतं. गटार तर सेन्सरला दिसतच नाही, कारण ते जमिनीच्या खाली आहे. पावसात कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल बसला की स्क्रीनवर नुसता धूर. कॅमेरा जरूर वापरा, पण आरसा, मान आणि मग स्क्रीन या क्रमानं.

---

गल्लीतली_गाडी
सगळ्यांचे आभार. डब्याचा प्रयोग नणंदेला शेजारी बसवून केला. तिचं लायसन्स आहे, एलच्या पाट्याही लावल्या. मातीतले माग बघितले तेव्हा लक्षात आलं की मागचं चाक किती आतून जातं. गेटमधून पुढं जातानाही खांब का घासायचा, तेही कळलं.

आता पुढचा प्रश्न. दवाखान्याच्या रस्त्यावर गाड्या एकामागं एक, कडेला समांतर लागलेल्या असतात. मधली जागा सापडली तरी मागं गाड्या हॉर्न वाजवत थांबतात. ते कसं जमवायचं?

---

तिकटीवरचा
मिरजकर तिकटी, महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, रोजचं माझं हेच आहे. माल पोचवायचं काम करतो.

जागा तुमच्या गाडीच्या लांबीपेक्षा चार-पाच फूट जास्त हवी. सुरुवातीला त्याहून मोठी शोधा. जागा दिसली की लगेच डावा इंडिकेटर, आणि वेग आधीपासून कमी, म्हणजे मागच्याला कळतं. मोकळ्या जागेच्या पुढच्या गाडीशेजारी दोन-अडीच फुटांवर समांतर उभे राहा, तुमचा मागचा बंपर तिच्या मागच्या बंपरच्या रेषेत. रिव्हर्स टाका, थोडं थांबा. पांढरा दिवा लागला की मागचा बहुतेक वेळा थांबतो किंवा बाजूनं निघून जातो. दुचाकी मात्र थांबत नाहीत, त्या उजवीकडून जातात आणि तुमचं नाक नेमकं तिकडंच फेकलं जाणार असतं. म्हणून वळवायच्या आधी उजवा खांदा ओलांडून एकदा बघायचंच.

मग हळू मागं, पूर्ण डावीकडं. उजव्या आरशात मागच्या गाडीचं सगळं तोंड दिसलं की स्टेअरिंग सरळ. तसंच मागं या. तुमच्या पुढच्या बंपरचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून सुटला की पूर्ण उजवीकडं, आणि गाडी आत येते. कडेला चाक लागलं किंवा तिरकी बसली तर बाहेर काढून पुन्हा घाला. ओढून-ताणून आतच दुरुस्त करत बसलात तर जास्त वेळ जातो.

हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी घाई करू नका. फारच गर्दी साचली तर पुढं निघून जा, एक फेरी मारून या. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावच्या गाड्या येतात त्या दिवसांत, विशेषतः नवरात्रात, मी स्वतः गावात जागा शोधत नाही. बिंदू चौकाच्या पार्किंगला लावून चालत जातो. सासूबाई बरोबर असतील तर त्यांना दवाखान्याच्या दारात उतरवून मग गाडी लावायला जा, आणि आत सोबतीला कुणी असेल असं बघा. डोक्यावर ताण नसला की गाडी पहिल्या खेपेला लागते.

दवाखान्याच्या फाटकासमोर, फूटपाथवर, झेब्रावर आणि दुसऱ्या गाडीला लागून रस्त्याच्या बाजूनं लावायची नाही. पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. तिथं रुग्णवाहिका अडते.

---

उसाचा_फड
राधानगरी रोडचा आहे मी. शहराबाहेर जाणार असाल तर रिव्हर्सचा आणखी एक उपयोग सांगतो.

साखर कारखाने चालू झाले की रस्त्यावर उसानं भरलेले ट्रॅक्टर येतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं घेता येत नाही, ट्रॉल्या लगेच आडव्या होतात. अरुंद रस्त्यावर किंवा ओढ्याच्या पुलावर समोरासमोर आलात तर मागं जायचं ते तुम्हालाच. म्हणून सरळ रेषेत लांबपर्यंत रिव्हर्स जायचा सराव करा. शरीर वळवून मागच्या काचेतून बघायचं, स्टेअरिंग अगदी थोडं थोडं हलवायचं. क्लासमध्ये वळण शिकवतात, सरळ मागं जाणं शिकवतच नाहीत. नव्या माणसाची गाडी तीस-चाळीस फुटांतच नागमोडी व्हायला लागते.

आणि चढ. टाकाळ्याच्या चढावर आधी करा, मग वाघबीळ चढून पन्हाळ्याला जा. हँडब्रेक वर, पहिला गिअर, क्लच सोडत नाक किंचित उचललं की हलका ॲक्सिलरेटर, मग हँडब्रेक खाली. पर्यटनाच्या दिवसांत घाटात पुढची गाडी थांबत-थांबत जाते. पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर ठेवायचं, तीही घसरू शकते. उतारावर लावताना नुसत्या हँडब्रेकवर सोडून जाऊ नका. नाक उताराला असेल तर रिव्हर्स गिअरमध्ये, चढाला असेल तर पहिल्यात.

---

शाळेचा_पालक
धागा वाचून विचारतोय. मुलगा सतरा वर्षांचा आहे, उंचीनं मोठा. मैदानावर चारचाकी शिकवून ठेवली तर अठराला लगेच लायसन्स निघेल ना?

---

कलमवाला
नको. चारचाकीला १८ पूर्ण लागतात, लर्निंगसाठीसुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ आलंय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. आत्ता त्याला तुमच्या शेजारी बसवून आरसे, चिन्हं, अंतर ओळखायला शिकवा. लर्निंगच्या परीक्षेतले प्रश्न त्यावरच असतात.

---

नवी_चाकं
ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर नंतर गिअरची गाडी चालवता येते का?

---

कलमवाला
चारचाकीच्या एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्समध्ये तसा भेद नाही, चालते. दुचाकीत गिअर आणि बिनगिअर वेगळे आहेत. कायद्यानं चालत असली तरी क्लचचा सराव नसताना गिअरची गाडी गर्दीत काढू नका.

धागाकर्त्या ताईंसाठी एक राहिलं. ड्रायव्हिंग स्कूलला नियमानं किमान २१ दिवसांचं शिक्षण आणि किमान दहा तास प्रत्यक्ष चालवणं बंधनकारक आहे, गाडीला दुहेरी कंट्रोलही हवेत. तुमच्या चालवण्याच्या तासांची नोंद फॉर्म १५ मध्ये होते. ती बघायला मागा. तास शिल्लक असतील तर उरलेले तास रिव्हर्स आणि चढ यासाठीच द्या म्हणून सांगा. सर पाय ठेवून गाडी सावरतात तोवर चढाचा सराव करून घेणं सगळ्यात सुरक्षित.

---

गल्लीतली_गाडी
फॉर्म १५ चं आजच विचारलं, आणि उरलेले तास टाकाळ्याच्या चढावर घ्यायचं ठरलंय. काका, शेवटचं एक. समांतर लावताना डावं चाक गटारापासून किती लांब आहे ते मला आतून कळत नाही. कधी हातभर लांब राहते, कधी भीतीनं वळवतच नाही.

---

निवृत्त_स्टेअरिंग
ड्रायव्हर उजवीकडं बसतोय म्हणून डावी बाजू सगळ्यांनाच लांब वाटती. डावा आरसा बाहेरून फुगीर असतोय, त्यात वस्तू हाय त्यापेक्षा लांब दिसती, म्हणून त्याच्यावर एकट्यावर भरोसा ठेवू नका.

रस्त्याच्या कडेला पांढरी पट्टी असती तिथं जा, रहदारी नसलेल्या येळेला, नणंदबाईंना घेऊन. डावी चाकं बरोबर पट्टीवर घेऊन हळू चला आणि थांबा. नणंदबाईंना खाली उतरून बघायला सांगा, चाक पट्टीवर हाय का न्हाई. बसलं की सीटवर नीट बसून बघा, पट्टी समोरच्या काचेच्या खालच्या कडेला कुठं येऊन मिळती. तिथं डॅशबोर्डवर कागदी टेपचा बारका तुकडा लावा. झाली तुमची खूण, तुमच्या गाडीची आणि तुमच्या उंचीची. पांढरा_रस्सा यांचं खुणांचं म्हणणं हितं खरं ठरतंय. मग पट्टीपासनं फूटभर आत चालवा आणि त्या टेपपासनं पट्टी किती सरकली ते बघा. गटाराला तेवढंच अंतर धरायचं.

मागं घेताना डावा आरसा थोडा खाली करा, मागचं चाक आणि गटाराची कड दोन्ही दिसतील एवढा. गाडी लागली की आरसा पुन्हा वर करायचा, न्हाईतर निघताना मागचं काय दिसत न्हाई. आणि हे सकाळच्या उजेडात करा. रात्री ओल्या रस्त्यावर दिवे पडले की पट्टी नीट दिसत न्हाई.